हातावरचा आकडा

"किती?"

सोनोग्राफीच्या खोलीचा पडदा सारून मी बाहेर पाऊल टाकलं, तोच बाकावरच्या सगळ्या माना वर झाल्या. विचारलं शाहीननं, पण ऐकायला सगळ्याच टपलेल्या.

"चौदा," मी म्हणाले.

आत डॉक्टर ओगले मॅडम स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, "उजवीकडे तीन, डावीकडे एक. चार."

मधे फक्त एक हिरवा पडदा. त्याच्या आत चार होते, बाहेर येईपर्यंत चौदा झाले. माझ्या आधी गेलेल्या बाईला नऊ दिसले होते, तिच्या आधीचीला अकरा. शाहीन तर चोवीस सांगून बाकाच्या मधोमध पाय पसरून बसली होती. आणि मी हायस्कूलला गणित शिकवणारी. चौथीच्या स्कॉलरशिपपासून बी.एड.पर्यंत माझं नाव कुठल्या यादीत कधी खाली लागलं नव्हतं. चार हा आकडा माझ्या तोंडातून निघेचना.

मिरजेतलं टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर होतं ते. एरवी बाईच्या अंगात महिन्याला एकच बीज पिकतं. इथं रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन टोचून एकदम बरीच पिकवायची, मग ती बाहेर काढून बशीत नवऱ्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालायची, आणि जो गर्भ तयार होईल तो परत पोटात ठेवायचा. बीजं किती पिकतायत ते दिवसाआड सोनोग्राफीत मोजायचे. डॉक्टर त्यांना फॉलिकल म्हणत. बाकावर आम्ही सरळ अंडी म्हणायचो.

मला तेव्हा छत्तिसावं सरत आलेलं, लग्नाला नऊ वर्षं. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "बीजांचा साठा कमी आहे. औषध कितीही वाढवलं तरी कणगीत आहे तेवढंच धान्य बाहेर येणार." तेव्हा मी आणि संग्रामनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ठरवून टाकलं. एकदाच करायचं. झालं तर झालं. नाही तर आपण दोघं, आत्या आणि साडेतीन हजार कोंबड्या.

कोंबड्या खऱ्याच. विट्याजवळ आमची पोल्ट्री आहे, अंड्यांची. आणि आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. ती आमच्या भागातल्या बऱ्याच बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' असं बोलते आणि पन्नास पावलांवरून कोंबडी आजारी आहे का नाटक करतेय ते ओळखते.

ती त्या वेळी बाकावर नव्हती. पाच मिनिटांनी पिशवी सावरत आली.

"कुठं गेला होता?" मी विचारलं.

"बाथरूम शोधत हुतो. केवढा गं हा दवाखाना!"

"आत्या, तुमच्या सुनेचे चौदा!" शाहीननं बातमी फोडली.

आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मग तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मग? आमच्या घरात अंड्याला कमी नसतंय कधी."

बाक हसून लोटपोट. तिथून पुढं आत्याला कोण आवरणार?

"आमच्या कोंबड्यांस्नी सोळा तास उजेड लागतोय," ती नऊवाल्या बाईला समजावू लागली. "उजेड कमी पडला की अंडं कमी. तुम्ही घरात पडदं लावून निजून राहत असशीला, मग कसं व्हायचं?"

पुढच्या सोनोग्राफीला आम्ही गेलो तर बाक रिकामा आणि खिडकीत गर्दी. चार बाया उन्हाकडे तोंड करून ओळीनं उभ्या. नऊवालीला त्या दिवशी दहा निघाले. मग काय, आत्याला बसायला खुर्ची आली, चहा आला. कोणी विचारी, "आत्या, अंडी खाऊ का नको?" आत्या सांगे, "कोंबडी कधी अंडं खाती व्हय? पण तू खा." आणि मधेमधे, श्वास घ्यावा तसं, "आमच्या सुनंचं चौदा हैत."

दर वेळी चौदा ऐकलं की मी फाईल पिशवीत आणखी खाली सारायची. मी संग्रामला म्हटलं, "तुला खरं माहितीय ना? मग आत्यांना तू सांग."

"मी नाही बाबा. तुझी थाप, तू निस्तर." तो इंजेक्शनची सुई वर धरून टिचकी मारत होता. कोंबड्यांना लस टोचून त्याचा हात बसलेला. "हलू नकोस. साडेतीन हजारांत एकीनं आजवर तक्रार केलेली नाही."

"त्यांना दर दोन दिवसांनी कोणी मोजत नाही," मी म्हणाले.

तो हसला नाही. कापूस दाबून धरत म्हणाला, "चार तर चार. मला एक बास आहे."

मलाही एकच हवं होतं. रात्री पोटावर हात ठेवून मी त्या चौघांना मनातल्या मनात सांगायची, तुम्ही कमी आहात म्हणून लाजू नका, पण एकानं तरी नाव काढा. आणि सकाळी सेंटरमध्ये जाऊन परत चौदा.

शाहीन वयानं सव्वीस आणि जिभेनं साठीची. मिरजेचीच. तिला चोवीसचा मोठा अभिमान, पण एक कोडं तिला सुटत नव्हतं. "माझे चोवीस बघून मॅडमनी टाळ्या वाजवायच्या का नाही? कपाळाला हात लावला! माझं औषध कमी करतायत. तुझं वाढवतायत का गं?"

"तसंच काहीतरी," मी म्हणाले.

"पोट बघ माझं. सलवारीची नाडी वीतभर कमी पडतीय."

बीजं काढायचा दिवस आला. माझा आणि शाहीनचा एकाच सकाळी, आणखी दोघी होत्या. आत भूल देत, पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकत, आणि मग एका लांब खोलीत खाटांवर आणून झोपवत. त्या खोलीची एक रीत होती. भुलीतून उठणारी प्रत्येक बाई विचारते, "किती निघाली?" सांगितलं की दोन मिनिटांत विसरते आणि परत विचारते. आवळे सिस्टर या प्रश्नाला इतक्या विटल्या होत्या की त्यांनीच तोड काढलेली. चिकटपट्टीचा तुकडा हाताच्या मागच्या बाजूला लावायचा आणि त्यावर पेनानं आकडा टाकायचा. ज्या बाईला प्रश्न पडेल तिनं आपला हात बघावा.

मी डोळे उघडले. हात वर केला. चिकटपट्टीवर ३.

चारांतलं एक रिकामं निघालं होतं.

शेजारच्या खाटेवर शाहीन कण्हत होती, पण २२ लिहिलेला हात तिनं मेडल लावावं तसा छातीवर ठेवला होता. दाराबाहेरून आत्याचा आवाज येत होता, "चौदाच्या खाली नाय यायची ती. लिहून घ्या."

भुलीत माणूस खरं बोलतं म्हणतात. मी भुलीत पेन मागितलं.

संग्राम उशाशी बसला होता. त्याला वाटलं कुठं सही राहिली असेल. त्यानं खिशातलं पेन काढून दिलं आणि पाणी आणायला उठला. मी डाव्या हातावरच्या तिनाच्या पुढं एक उभा केला. १३. चौदांतले तेरा. ब्याण्णव पूर्णांक शहाऐंशी टक्के. हेही मी त्या अवस्थेत काढलं आणि समाधानानं झोपी गेले.

जाग आली ती कोणीतरी मनगट धरून गदागदा हलवत होतं म्हणून.

"फायलीत तीन आहेत!" आवळे सिस्टर ओरडत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. "हातावर तेरा कसे? मी तेरा लिहिलेच नाहीत. का लिहिले? कुणाचे लिहिले?"

"काय झालं?" संग्राम ग्लास घेऊन दारातच थबकला.

"लॅब थांबवलीय. नाव, फाईल, आकडा, काहीही कुठं जुळलं नाही की आत सगळं बंद. कुणाची बशी कुणाच्या नावावर जायला नको म्हणून. चारही जणींचं थांबवलंय."

माझी भूल खाडकन उतरली. आत कुठल्याशा खोलीत, एका बशीत माझी तीन बीजं होती. नऊ वर्षांची सगळी मिळून तीन. आणि ती माझी की दुसऱ्या कुणाची, असा प्रश्न मी स्वतःच्या हातानं उभा करून ठेवला होता. मी तोंड उघडलं. तोच दारातला संग्राम बाजूला झाला.

ओगले मॅडम डोक्यावरच्या हिरव्या टोपीसकट आल्या. मागोमाग, कोणी थांबवायच्या आत, आत्याही आली.

मॅडमनी माझा हात उचलून उजेडात धरला. "हा एक नंतर घातलाय. शाई वेगळी आहे. कुणी घातला?"

संग्रामनं आपल्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पेन माझ्या उशीखाली होतं आणि मला ते टोचत होतं.

"मी," आत्या म्हणाली.

"तुम्ही?"

"व्हय. आकडं येतात मला. ट्रे मोजून शिकलोय."

"अहो आजी, पण कशासाठी?"

"तिनं बाहेर चौदा सांगितल्यात. हातावर तीन बघून बाकावरच्या बाया काय म्हणतील? म्हणून एक जोडला. चौदाच करणार हुतो, पण तिनाचं चार होईना."

मॅडमनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"आजी, चौदा कधीच नव्हते. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी तुम्ही माझ्या केबिनमध्ये घुसलात. मी चार बोटं दाखवली होती तुम्हाला. आठवतंय?"

"दाखवलीसा की."

"मग?"

"मग काय? तुमच्या केबिनीतनं बाहेर आलो तर बाकावर चौदा झालेलं." आत्यानं पदर सारखा केला. "आता चारचौघींत माझ्या सुनंला मी खोटी पाडू व्हय?"

मी आत्याकडे बघत राहिले. दहा दिवस ती चौदा, चौदा म्हणून मिरवत होती. मला वाटत होतं मी तिला फसवतेय. आणि ती माझी थाप डोक्यावर घेऊन अख्ख्या दवाखान्यात नाचत होती, म्हणजे ती माझ्या एकटीची राहणार नाही.

"मॅडम," मी उशीखाली हात घातला, "एक मी घातला. पेन इथं आहे."

"ते कळलं मला. आजी मघापासून बाहेर भाषण देतायत, तीन भिंती ओलांडून ऐकू येतंय. त्या कशाला घालतील?" मॅडमनी माझ्याकडून नाव वदवून घेतलं, जन्मतारीख वदवून घेतली, मनगटावरचा पट्टा वाचला, फाईल वाचली, संग्रामकडूनही तेच सगळं परत. मग लॅबला फोन लावला. "तीन. बरोबर आहे. सुरू करा." फोन ठेवून म्हणाल्या, "काढल्यावर बीजं थोडा वेळ तशीही थांबवतो आम्ही, म्हणून वाचलात. शाळेत एखाद्या पोरानं मार्कलिस्टवर असं केलं तर काय करता हो, टीचर?"

"पालकांना बोलावते."

"त्या आधीच आल्यात," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

शेजारच्या खाटेवरून बारीक आवाज आला. "मॅडम, माझे बावीस. म्हणजे मी पहिली ना?"

"तू पहिली नाहीस, तू ॲडमिट आहेस." मॅडम तिच्याकडे वळल्या. "किती वेळा सांगितलं? दहा-पंधरा मिळाली की आम्ही खूश असतो. त्याच्या फार पुढं आकडा गेला म्हणून यश तेवढं वाढत नाही, त्रास वाढतो. पोट फुगलंय ते पाणी भरतंय. आता लगेच गर्भ ठेवायचा नाही. गोठवून ठेवू, अंग ताळ्यावर आलं की बघू."

शाहीनचा चेहरा उतरला. मला विचारल्यावाचून राहवेना. "आणि माझे तीन?"

"तीन कमीच आहेत. खोटं सांगणार नाही. वाटेत गळती होतेच, म्हणून बीजं बरीच असली की धीर असतो. पण मूल बेरजेतून होत नाही ना, एका बीजातून होतं. ते एक या तिघांत आहे का, एवढंच बघायचं."

"मी तेच म्हणतोय!" आत्या पुढं सरसावली. "आमच्यात दोन बलकाचं अंडं निघतंय, दिसायला केवढं! पण उबवायला ठेवलं तर पिल्लू नाय निघत. बारकं, घट्ट अंडं बघून कोंबडी बसवायची."

"आजी, तुम्ही बाहेर बसा."

"बसतो. पर खिडकीतल्या बायांस्नी काय सांगू? किती निघाली म्हणून इचारतील."

मॅडमनी एक निःश्वास सोडला. "सांगा, तीन. तीन म्हणालात म्हणून कोणी मरत नाही."

आत्या दारापर्यंत गेली, वळली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगू?"

मी मान हलवली. बाहेरून आत्याचा आवाज खणखणीत आला, "तीन! पर निवडक हैत."

त्यानंतरचे पाच दिवस रोज सकाळी लॅबचा फोन यायचा. पहिल्या दिवशी, तिघांतल्या दोघांचा गर्भ तयार झाला. तिसऱ्या दिवशी दोन्ही चालू आहेत. पाचव्या दिवशी, एक. जन्मभर वजाबाकी शिकवली, पण हातचा घ्यायला काही शिल्लक नाही अशी वजाबाकी कधी केली नव्हती. तो एक त्यांनी माझ्या पोटात ठेवला. स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चमकला आणि मॅडम म्हणाल्या, "झालं. जा घरी."

चौदा दिवसांनी रक्त दिलं; त्यातल्या एका आकड्यावरून गर्भ राहिला का ते कळतं. दुपारी फोन आला तेव्हा मी पोल्ट्रीवरच होते. आत्या ट्रे लावत होती.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," पलीकडून आवळे सिस्टर म्हणाल्या.

"कितीपैकी?" मी विचारलं.

"अहो, पैकी नसतं यात!"

आत्यानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ए बाई, आकडं पुरं झालं. हाय का नाय, तेवढं सांग."

काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मला एवढंच दिसलं की आत्या मागं न बघता खाली बसली. मागं ट्रेची चळत होती. वरच्या ट्रेमधली तीसच्या तीस फुटली. जन्मात जिच्या हातून एक अंडं तडकलं नव्हतं, ती त्या राड्यात फतकल घालून बसून राहिली. पिवळं ओघळत पातळाच्या निऱ्यांत उतरत होतं आणि ती फोन कानाला लावून म्हणत होती, "पुन्ना सांग. पुन्ना एकदा सांग."

शाहीनला पहिल्या खेपेला राहिलं नाही, दुसऱ्यांदा राहिलं. तिच्याकडून ईदला अजून शीरखुर्मा येतो. माझी लेक चार वर्षांची आहे. या घडीला ती आतल्या खोलीत आजीच्या कुशीत झोपलीय आणि दोघींपैकी कोण घोरतंय ते मला इथून सांगता येत नाही. तिची दुपारची झोप तासाभराची असते. त्यात जेवढं लिहून होईल तेवढं.

तर लेक पोटात असतानाचे ते पहिले तीन महिने. आमच्याकडे तीन महिने पुरे झाल्याशिवाय बाहेर सांगत नाहीत, आणि मिरजेचं तर गावात कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. दवाखानाभर दहा दिवस दवंडी पिटणारी आत्या खरी बातमी हातात आल्यावर मात्र मुकी झाली. माहेरी, बहिणीला, कोणाला म्हणून अवाक्षर नाही. कोणी विषय काढलाच तर तिचा चेहरा धुतल्या परातीसारखा कोरा.

नवव्या आठवड्यात एका सकाळी मी परसात हौदाच्या कडेला ओकत होते. नेमकी कुंपणापलीकडून आमची शेजारीण गोदाक्का डोकावली. तिच्या नाकातून गावातली एक बातमी सुटत नाही.

"अगं बाई! सून का गं वकाय लागलीया तुझी?"

"काय नाय," आत्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत म्हणाली. "रात्री वांग्याचं भरीत केलतं. तिला आवडलं. चार भाकरी खाल्ल्या."

"चार?" गोदाक्काची नजर माझ्या अंगावरून फिरली. आदल्या रात्री मी अर्धी भाकरीसुद्धा गिळली नव्हती, तीही आत्यानं समोर बसून कुस्करून दिलेली. "एवढ्याशा जिवाला चार कशा जातील?"

आत्यानं पदर खोचला, सोडला, परत खोचला. पहिल्यांदाच तिला पुढचं सुचेना. गोदाक्का कुंपणाला रेलून डोळे बारीक करून उभी राहिली.

मी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि ताठ उभी राहिले.

"चार नाही हो, अक्का," मी म्हणाले. "पाच."